दोन्ही पायांनी वीस वेळा

काउंटरवरच्या बाईने हेमांगीला नियम समजावून सांगितले. आवाज फक्त त्या त्या जागेवर उभं असतानाच ऐकू येईल. तो इयरफोनच्या बाहेर जाणार नाही, त्याची नक्कल निघणार नाही. तुम्ही थांबलात तर पावलंही तुमच्यासाठी थांबतील. आणि मन भरून आलं तर अर्ध्यातून परत यायला हरकत नाही, बरेच जण येतात. हे शेवटचं वाक्य ती रोज म्हणत असावी, कारण ते म्हणताना ती इयरफोनची डबी पुसत होती.

मग तिने पडद्यावरची दोन नावं जमेल तशी वाचली. शुभदा कारखानीस, निधन झालेल्या. वारस म्हणून मुलीची संमती. मोरेश्वर कारखानीस, हयात. त्यांची स्वतःची संमती आलेली आहे.

तुमच्या वडिलांनी लगेच होकार दिला, असं ती कौतुकाने म्हणाली. हयात माणसं सहसा फार वेळ लावतात. आपली पावलं दुसऱ्याने ऐकावीत हे कुणाला आवडत नाही.

बाबा नकार देतील असं हेमांगीला वाटलं होतं. खरं तर तिला नकारच हवा होता. तोही एक पुरावाच झाला असता.

साल्झबर्गच्या रस्त्यांखाली, कुठल्याही शहराखाली असतात तशा, इंटरनेटसाठीच्या केसाएवढ्या बारीक काचेच्या तारा पसरलेल्या होत्या. अशा तारेत लेसरचा झोत सोडला की त्यातला अगदी थोडा प्रकाश काचेतल्या सूक्ष्म दोषांवर आपटून मागे फिरतो. वरची जमीन जराशी हलली तर खालची तार कणभर ताणली जाते आणि मागे फिरणाऱ्या प्रकाशात फरक पडतो. तो किती वेळाने परत आला यावरून हादरा नेमका कुठल्या मीटरवर बसला ते कळतं. शहराने ही यंत्रणा बसवली ती भूकंपाची आणि फुटक्या जलवाहिन्यांची खबर लागावी म्हणून. पण काही वर्षांत संगणक इतके तयार झाले की त्यांना आधी ट्रक आणि माणूस, मग माणूस आणि कुत्रा, आणि शेवटी एक माणूस आणि दुसरा माणूस यांतला फरक कळू लागला. टाच किती जोरात पडते, कुठला पाय किती वेळ टेकून राहतो, दोन पावलांत किती अंतर पडतं, हे ज्याचं त्याचं असतं, सहीसारखं. शहराकडे वर्षानुवर्षांची पावलं साठून राहिली होती. त्यातून आपलं माणूस शोधायला एकच किल्ली लागे, त्या दिवशी त्याच्या खिशातल्या किंवा पर्समधल्या फोनने टिपलेली चाल. आपल्याकडे ठेवलेला आईचा जुना फोन हेमांगीने कपाटातून काढून चार्ज केला होता. बाबांची किल्ली त्यांच्या संमतीबरोबरच आली होती.

यातूनच कुणीतरी पर्यटकांसाठी ही फेरी काढली होती. आपलं माणूस जुन्या शहरातून जिथून चाललं तिथून त्याच्या मागोमाग चालायचं. कानात त्याची पावलं, आणि मधूनमधून माहिती सांगणारा एक आवाज, हव्या त्या भाषेत. मराठीतही. कायद्याची बंधनं दोन होती. बोलण्याच्या लहरी गाळून टाकलेल्या असत, आणि पावलांवरून कुणाच्या तब्येतीविषयी एक अक्षरही उच्चारायला यंत्राला मनाई होती.

दुसऱ्या बंधनाने हेमांगीचं काही अडणार नव्हतं. नाशिकला गंगापूर रोडवर तिचं फिजिओथेरपीचं क्लिनिक होतं. माणूस दारातून टेबलापर्यंत येईतो मॅडमना त्याचं दुखणं कळतं, असं पेशंट एकमेकांना सांगत.

आई गेल्या ऑक्टोबरात गेली. बाथरूमच्या दाराशी पडली, खुबा मोडला, आणि पडली कशी हे शोधताना डोक्याचा एमआरआय झाला. मेंदूतल्या पोकळ्या पाणी साचून फुगल्या होत्या. या आजारात आधी चाल बिघडते, मग लघवीचा ताबा जातो, मग विसरणं सुरू होतं, असं न्यूरोसर्जनने सांगितलं. लोक याला म्हातारपण समजतात. लवकर कळलं तर एक नळी बसवून जादाचं पाणी पोटात उतरवता येतं आणि माणूस पुन्हा चालू लागतो. मग त्यांनी विचारलं, या अशा कधीपासून चालत होत्या? हेमांगी म्हणाली, सहा महिने झाले असतील. बाबा शेजारीच उभे होते. ते काही बोलले नाहीत. नळी बसवली, पण त्यात जंतुसंसर्ग झाला, आणि पंधरा दिवसांत सगळं संपलं.

तेराव्याची माणसं पांगल्यावर हेमांगी बाबांसमोर जाऊन बसली. अठ्ठेचाळीस वर्षं तिच्याबरोबर काढलीत, तिची चाल बदललेली तुम्हाला दिसली नाही? आयुष्यात एकदा तरी मागे वळून पाहिलंत तिच्याकडे?

बाबांना पुढे चालायची सवय होती. बाजारात, लग्नात, देवळात, सगळीकडे ते पंधरा पावलं पुढे आणि आई मागे. पाटबंधारे खात्यात साइटवर फिरून लागलेली चाल, असं ते म्हणत. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "यांची पाठ मला तोंडपाठ आहे. चेहरा विचाराल तर फोटो बघून सांगावं लागेल." सगळे हसत. बाबाही हसत आणि चालू लागत.

हेमांगीच्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं नाही. ती पुन्हा इंदिरानगरच्या त्या घरी गेली नाही. डबा लावून दिला, कामाला बाई पाहून दिली, आणि नऊ महिने फोनवरही बोलली नाही.

चार वर्षांपूर्वी ते दोघं एका सहलीबरोबर युरोपला आले होते. साल्झबर्गला एक दिवस होता. म्युनिकच्या परिषदेला आलेली हेमांगी एक सुट्टी काढून रेल्वेने इथे आली ती हा दिवस ऐकायला. आईची चाल तेव्हाच बिघडलेली होती, आणि बाबांची पावलं न थांबता पुढे चालली होती, एवढं तिला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. मग ती घरी जाऊन ते त्यांच्यासमोर ठेवणार होती. नंतर त्या घरी जायचं काही कारण उरणार नव्हतं.

"सोळा मे, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं," कानातला आवाज म्हणाला. बाईचा आवाज, उच्चार स्वच्छ, कुठल्याच गावचा नसलेला. "मिराबेल बागेत तुमच्या आईंचं आणि वडिलांचं स्वागत."

आणि खडीवरून आई चालत आली.

दगडी बुटक्यांच्या पुतळ्यांपाशी हेमांगी कठडा धरून उभी राहिली. पहिली काही पावलं तिने नुसती मुलगी म्हणून ऐकली. सहलीसाठी घेतलेले ते पांढरे बूट आईला आवडले नव्हते. साडीखाली बदकासारखे दिसतात म्हणायची. पण दहा पावलं व्हायच्या आत हेमांगीचा कान क्लिनिकमधला झाला. पाय फाकवून टाकलेले. पाऊल आखूड. टाच आधी टेकतच नव्हती, अख्खा तळवा एकदम पडत होता आणि जमिनीवरून घासत उचलला जात होता. कारंज्यापाशी वळायला चार पावलं लागावीत, तिथे आईला नऊ लागली.

म्हणजे चार वर्षांपूर्वीच. सहा महिने नव्हे.

क्लिनिकमध्ये आई यायची ती हेमांगीचाच हात धरून, गाडीपासून खुर्चीपर्यंत. एक्स-रेत गुडघे झिजलेले दिसले होते आणि त्यावर हेमांगीचं समाधान झालं होतं. बाबा मात्र रोज तिच्याबरोबर होते. आणि ते इथेही होते. पुढे, बरेच पुढे, डावी टाच जड, जुन्या फ्रॅक्चरची. खाड, खाड, खाड. न थांबता.

हेमांगीला बरं वाटलं. मग, आपल्याला बरं वाटलं याचं तिला वाईट वाटलं, पण पहिलं वाटणं त्याने पुसलं गेलं नाही.

पादचारी पुलावर पर्यटकांची दाटी होती. कुठलं तरी जोडपं कठड्याला कुलूप लावून किल्ली नदीत टाकत होतं, लोक टाळ्या वाजवत होते. तिच्या कानात मात्र दुसरं कुणीच नव्हतं. यंत्राने बाकीच्या सगळ्या माणसांची पावलं काढून टाकली होती. रिकाम्या शहरातला एक रिकामा पूल दोन म्हातारी माणसं एकमेकांपासून लांब राहून ओलांडत होती.

पुलापलीकडे आईची पावलं वाट सोडून एका कॅफेत शिरली आणि चार मिनिटांनी बाहेर आली. पुढच्या चौकात पुन्हा तसंच. "इथल्या कॉफीची चव तुमच्या आईंना आवडली असावी," आवाज म्हणाला. आईने जन्मात कॉफी प्यायली नव्हती. हेमांगीने मनात दुसऱ्या लक्षणाची नोंद केली.

मग ती प्रसिद्ध अरुंद गल्ली आली, दोन्ही बाजूंना दुकानांच्या नक्षीदार लोखंडी पाट्या. गल्लीच्या मध्यावर आई थांबली. पूर्ण थांबली नाही. पाय जागच्या जागी थरथरल्यासारखे आपटत राहिले, पुढे मात्र जाईनात. "इथे त्या पाट्यांची कलाकुसर न्याहाळत असाव्यात," आवाज म्हणाला. दारातून जाताना, गर्दीत, अरुंद जागेत या आजाराच्या माणसाचे पाय असेच जमिनीला खिळतात, हे तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पाठ असतं.

बाबांची टाच पुढे वाजत होती. लांब गेली. अस्पष्ट झाली.

थांबली.

हेमांगीने इयरफोन कानात घट्ट दाबला. जड टाच वळली आणि परत यायला लागली, जाताना होती त्याहून दुप्पट वेगाने. आईपाशी येऊन थांबली. बराच वेळ दोघांचे पाय एकाच जागी होते. मग चालणं सुरू झालं तेव्हा बाबांची पावलं आखूड पडत होती, आईच्या मापाची, तिच्या अर्धं पाऊल मागे. बाबा असे चालू शकतात हे हेमांगीला माहीत नव्हतं. कॅथीड्रलच्या पटांगणातून, कमानीखालून, ते तसेच चालले. ती त्यांच्यामागे चालत राहिली, आणि आपण काय सिद्ध करायला आलो होतो ते तिला क्षणभर आठवेना.

कॅथीड्रलमागच्या चौकात जमिनीवर बुद्धिबळाचा मोठा पट आखलेला होता. कडेच्या एका बाकाशी आईची पावलं संपली, बसली असावी. बाबा बसले नाहीत. आठ पावलं इकडे, आठ पावलं तिकडे, पुन्हा इकडे. "तुमचे वडील पटाभोवती फिरून खेळ पाहत असावेत," आवाज म्हणाला. हेमांगीला ते पटलं नाही. बाबांना एका जागी उभं राहून फोनवर बोलता येत नसे. घरी फोन आला की ते हॉलमधून बाल्कनीत आणि बाल्कनीतून हॉलमध्ये असेच फिरत.

येरझाऱ्या दोनेक मिनिटांत संपल्या. तेही बाकाशी आले. मग एक टाच दगडावर पडली. एकटीच. त्यानंतर पाच सेकंद काही नाही. पुन्हा टाच. पुन्हा पाच सेकंद. पुन्हा टाच.

"या चौकात दुपारी वाद्यवृंद वाजत असे," आवाज गोड होऊन म्हणाला. "तुमच्या आईंनी संगीतावर पायाने ठेका धरला असावा."

हेमांगी त्याच बाकावर बसली. तिने मोजायचं ठरवलं नव्हतं, तरी ती मोजत होती. बसून पाय गुडघ्यात सरळ करायचा, पाच अंक धरायचा, सोडायचा. उजवा पाय वीस वेळा झाला. मग डावा सुरू झाला. अठरा. एकोणीस. विसावा आला नाही.

हा तिचाच व्यायाम होता.

आई-बाबा सहलीहून परतल्यावर आपण तो दिला, अशी तिची इतकी वर्षं समजूत होती. तिने फोन काढला आणि जुन्या कॉलच्या यादीत चार वर्षं मागे गेली. सोळा मे. बाबा. दुपारी चार वाजून दहा मिनिटं, नाशिकची वेळ. बोलणं दोन मिनिटं नऊ सेकंद. चार वाजता तिचं क्लिनिक उघडतं.

तिने तिथूनच त्यांना फोन लावला. नाशिकला बाबांची चहाची वेळ झाली होती. दुसऱ्या रिंगला त्यांनी उचलला आणि नऊ महिन्यांनंतरही हॅलो वगैरे म्हणाले नाहीत.

"कुठपर्यंत आलीस?"

"चौकातल्या बाकापर्यंत."

"हं. सावली तिथेच होती."

"बाबा, तुम्ही इथून मला फोन केला होतात."

"केला होता."

"काय म्हणाला होतात?"

"तुला आठवत नाही?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खात्री करून घ्यावी तसं त्यांनी विचारलं. "म्हटलं, आईचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतायत. गल्लीत उभी राहिली ती पाऊलच उचलेना. आणि सारखी बाथरूम शोधतेय. तू म्हणालीस, बसमध्ये तासन्‌तास बसून गुडघे धरलेत. बसवा आणि पाय सरळ करायला लावा. पाच अंक धरायचा, सोडायचा. दोन्ही पायांनी वीस वेळा. म्हणालीस, पेशंट थांबलेत, नंतर बोलू."

दिवसातून दहा जणांना ती हे सांगत असे. त्या दिवशीच्या दहांत हा एक फोन होता.

"हॉस्पिटलमध्ये का नाही बोललात हे?"

"तू सहा महिने म्हणालीस. तिथे सगळे तुला मॅडम म्हणत होते. त्यांच्यासमोर तुला खोटं पाडू?"

"मग नंतर तरी. तेराव्याला मी तुम्हाला काय काय बोलले."

"बोललीस खरं."

पलीकडे कप बशीवर ठेवल्याचा आवाज झाला.

"परत आल्यावर मी म्हटलं होतं तिला," बाबा म्हणाले, "की दुसऱ्या कुणाला तरी दाखवू. तर म्हणाली, घरात हेमा असताना? बाहेरच्याकडे गेलो तर तिला काय वाटेल. मलाही पटलं ते. घरातच डॉक्टर, आणखी काय पाहिजे. दोन वर्षं करून घेतलं मी तिच्याकडून, सकाळ-संध्याकाळ. कंटाळायची. मी म्हणायचो, हेमाने सांगितलंय. मग करायची."

"डाव्याचे एकोणीसच झालेत," हेमांगी म्हणाली.

"दमली होती. बस सुटायची वेळ झालेली. मी वीस धरले."

चौकात कुणीतरी प्यादं उचलून पुढच्या घरात ठेवलं. बघ्यांपैकी एकाने त्याला मूर्खात काढलं असावं, कारण दोघं वाद घालू लागले.

"पुढे बसपर्यंतची वाट राहिली असेल ना?" बाबांनी विचारलं. "मला ऐकवता येईल ती?"

येणार नाही, आवाज बाहेर जात नाही, असं तिने सांगितलं.

"मग तू ऐक आणि मला सांग. चाल कशी आहे ते. आता नीट लक्ष देऊन सांग."

ती उठली. एका कानाला फोन, दुसऱ्या कानात आई. तेव्हा बस किल्ल्याच्या टेकडीच्या पलीकडच्या अंगाला उभी होती, तिथवर जुन्या घरांमधून वाट जात होती. हेमांगी त्या वाटेने चालत गेली आणि ऐकू येईल ते सांगत गेली, शिकाऊ मुलांना सांगावं तसं, एकेक. पाय फाकवलेले आहेत. पावलाची लांबी निम्मीसुद्धा नाही. टाच आधी पडत नाही. दोन्ही पाय सारखे आहेत, लंगडणं कुठेच नाही. उतारावर वेग वाढत नाही. वळण घेताना अकरा पावलं. फोनमध्ये बाबांचा श्वास ऐकू येत होता, आणि इयरफोनमध्ये त्यांचीच चार वर्षांपूर्वीची जड टाच, आईच्या अर्धं पाऊल मागे.

"हे गुडघ्यांचं नाहीये, बाबा," ती म्हणाली.

"हं."

कागद चाळल्याचा आवाज आला.

"लिहून दे तसं," बाबा म्हणाले. "तुझ्या लेटरहेडवर. तिची फाइल लावतोय मी, सगळे कागद क्रमाने. एमआरआयच्या आधी चालीविषयी एकही कागद नाहीये त्यात. तेवढा एकच भाग रिकामा दिसतो."

त्यांना तो कागद कशाला हवा होता, हे तिने विचारलं नाही. खात्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस. जे कागदावर नाही ते झालंच नाही, असं मानत आलेला.

"देते लिहून," ती म्हणाली. "वर तारीख कोणती घालू?"

"मी तुला विचारलं होतं," बाबा म्हणाले, "त्या दिवसाची."